मुद्रा कोणाची? कुळाची, वतनाची कीं अधिकाराची?

गेल्या कांहीं वर्षांत कुलवृत्तांत छापण्याची हौस पुन्हा वाढली आहे. ही गोष्ट इष्टच आहे. त्या निमित्तानें माळ्यावरचीं दप्तरें खालीं येतात, वंशावळी पडताळल्या जातात, आणि एखादा उपयुक्त कागद उजेडांत येतो. परंतु या ग्रंथांबरोबर एक नवी चाल रूढ होऊं पाहत आहे व तिची वेळींच चिकित्सा होणें अवश्य आहे. घरांतील एखाद्या जुन्या पत्रावरील शिक्का घ्यावयाचा, त्याचा मोठा ठसा करून मुखपृष्ठावर छापावयाचा, आणि खालीं 'आमच्या घराण्याची कुलमुद्रा' असें लिहावयाचें. कोणी त्यास ढालीची चौकट देतात, दोहों अंगांस सिंह उभे करितात आणि तळाशीं संस्कृत ब्रीद घालतात. पुढें हेंच चिन्ह लग्नपत्रिकेवर चढतें, घराच्या दारावर बसतें, आणि एका पिढीच्या आंत 'पूर्वापार' होतें.

मुद्रा ही आपल्याकडे कुळाची होती काय, असल्यास कोणत्या अर्थानें, आणि तिचा वापर कोणत्या नियमांनीं बांधलेला होता, एवढाच या लेखाचा विषय आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. मराठी कागदावरील शिक्का हा व्यक्तीचा व तिच्या अधिकाराचा असतो. वतनाची निशाणी ही वतनाबरोबर चालते. आणि रक्तसंबंधाचें जें खरें चिन्ह, तें कागदावर उमटविण्यासाठीं नसतेंच. या तीन निरनिराळ्या वस्तु एकच मानल्यामुळें हल्लींचा घोंटाळा झाला आहे.

प्रथम शास्त्राकडे वळूं. भूमिदानाचें शासन पटावर अथवा ताम्रपटावर लिहावें, त्यांत राजानें आपल्या पूर्वजांचा व स्वतःचा निर्देश करावा, आणि तें आपल्या मुद्रेनें अंकित करावें, असें याज्ञवल्क्य आचाराध्यायांत सांगतो. तेथील 'स्वमुद्रा' या पदाचें विवरण करितांना विज्ञानेश्वर मिताक्षरेंत गरुड, वराह इत्यादि आकृतींचा दाखला देतो. हा दाखला त्यानें कल्पनेनें दिलेला नाहीं. तो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या राज्यांत लिहीत होता, आणि चालुक्यांचें लांछन वराह हेंच होतें. राष्ट्रकूट, कोंकणचे शिलाहार व देवगिरीचे यादव यांच्या ताम्रपटांवर गरुड आढळतो. गोव्याच्या कदंबांचें लांछन सिंह, तर ध्वजावर वानर. या स्मृतीचें इंग्रजी भाषांतर १८८० सालीं प्रसिद्ध करणारे विश्वनाथ नारायण मंडलिक हे आमच्या तालुक्यांतील मुरूडचे, आणि धर्मशास्त्राचा बृहद् इतिहास लिहिणारे म. म. पांडुरंग वामन काणे यांचें शालेय शिक्षण दापोलीस झालें. तेव्हां निदान या भागांतील कुलवृत्तांतकारांस तरी हा आधार अपरिचित असूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, वराह आणि गरुड पिढ्यान्‌पिढ्या चालले, मग तीं कुलचिन्हें नव्हत तर काय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याबरोबर दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या लागतात. पहिली ही कीं, हीं लांछनें राज्य करणाऱ्या वंशांचीं आहेत आणि तीं शासन देण्याच्या अधिकारासह येतात. स्मृतिकाराच्या दृष्टीनें मुद्रेचें प्रयोजन शासनाचें प्रामाण्य हें आहे, कुळाची शोभा हें नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिलाहार स्वतःस जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत, यादव यदुकुळाचे. तरी दोघांचाही गरुडच. म्हणजे चिन्ह एक असलें म्हणून कूळ एक ठरत नाहीं. आज दोन घरांतील शिक्क्यांवर एकच आकृति दिसली कीं त्यांचें मूळ एक असल्याचें अनुमान काढण्यांत येतें. त्या अनुमानास प्राचीन व्यवहाराचा मुळींच आधार नाहीं.

आतां मराठी राज्याकडे येऊं. शहाजीराजे व जिजाबाई यांचे शिक्के फारशी आहेत. शिवाजीमहाराजांची मुद्रा अष्टकोनी आणि संस्कृत. तींत वराह नाहीं, गरुड नाहीं, कोणतीच आकृति नाहीं. केवळ अक्षरें आहेत. शहाजीचा पुत्र जो शिव, त्याची ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढणारी व लोकांच्या कल्याणार्थ शोभणारी आहे, असा तिचा आशय. ही जर कुलमुद्रा असती, तर पुत्रांनीं हीच चालविली असती. परंतु संभाजीमहाराजांच्या मुद्रेंत उपमा आकाशाची आहे, आणि राजाराममहाराजांच्या मुद्रेंत दशरथपुत्र रामाची. एक पिता व दोन पुत्र, आणि मुद्रा तीन! पित्याच्या मागें त्याची मुद्रा पुत्राकडे आली नाहीं. पुत्रानें आपल्या नांवाची नवी मुद्रा करविली. फार झालें तर तींत पित्याचें नांव राहिलें, म्हणजे वंशाचा निर्देश शब्दांनीं झाला, चिन्हानें नव्हे. पत्राच्या शेवटीं उमटविण्याच्या 'मर्यादेयं विराजते' या लहान मुद्रेंत तर नांवही नाहीं. मजकूर येथें संपला, यापुढें कोणी अक्षर वाढवूं नये, एवढेंच तिचें काम.

अधिकाऱ्यांच्या शिक्क्यांविषयीं हाच नियम अधिक स्पष्ट दिसतो. राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कानूजाबत्यांत प्रधानांचीं कामें सांगतांना राजपत्रांवर शिक्का वा चिन्ह करणें हें काम म्हणूनच नमूद केलें आहे. ज्यानें पद सांभाळावें त्यानें चिन्ह करावें. पेशव्यांस वस्त्रांबरोबर शिक्के-कट्यार मिळे ती याच न्यायानें. ती छत्रपतींनीं द्यावयाची असे. पेशव्यांच्या शिक्क्यांत आधीं 'राजा शाहू नरपति हर्षनिधान' असा धन्याचा निर्देश, आणि मग आपलें नांव व 'मुख्य प्रधान' हें पद. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहूमहाराज वारले, रामराजे गादीवर आले, आणि बाळाजी बाजीरावाच्या शिक्क्यांत शाहूच्या जागीं 'राजा राम' हें नांव आलें. पेशवा तोच, घराणें तेंच, पद तेंच. धनी बदलला म्हणून शिक्का बदलला. कुलचिन्हाच्या बाबतींत असें कधीं घडतें काय?

याहून बोलकें उदाहरण १७७४ सालचें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव मारले गेल्यावर वस्त्रें रघुनाथरावांकडे गेलीं. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि अवघ्या ४० दिवसांच्या त्या बालकाच्या नांवें साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें आलीं. रघुनाथराव त्याच भट कुळांतले, वयानें वडील, आणि पाळण्यांतील मूल हा त्यांच्या पुतण्याचा मुलगा. रक्ताकडे पाहिलें तर दोघेही एकाच घरचे. परंतु राजपत्रावरील मुख्य प्रधानाचा शिक्का एका वेळीं एकाचाच खरा असूं शकतो, आणि तो कोणाचा हें रक्त ठरवीत नाहीं, तर वस्त्रें देणारा ठरवितो.

आमच्या किनाऱ्यावरचेंच उदाहरण घ्यावयाचें तर हर्णैसमोर सुवर्णदुर्ग उभाच आहे. कान्होजी आंग्रे सरखेल १७२९ सालीं वारले. पुढें भाऊबंदकी माजली, आणि १७३५ सालीं बाजीरावानें मध्यस्थी करून संभाजी आंग्र्यांकडे सरखेली ठेविली व कुलाब्यास मानाजी आंग्र्यांस 'वजारतमाब' हा किताब देवविला. सख्ख्या पित्याच्या दोन पुत्रांनीं एकाच काळीं दोन निरनिराळ्या किताबांनीं पत्रें लिहिलीं. आतां आंग्र्यांची 'कुलमुद्रा' कोणती म्हणावयाची? जो एक शिक्का उचलून सर्व घराण्यावर लावील, तो ज्या वांटणीसाठीं एवढा कलह झाला ती वांटणीच पुसून टाकील.

तथापि शिक्क्यांत कुळाचा कांहींच अंश नसतो, असें आमचें म्हणणें नाहीं. शिंद्यांच्या शिक्क्यांत जोतिस्वरूपाचा, होळकरांच्या शिक्क्यांत म्हाळसाकांताचा चरण येतो. त्या चरणीं तत्पर म्हणून पित्याचें नांव व मग आपलें नांव. माणसें बदललीं तरी दैवत बदलत नाहीं. म्हणजे शिक्क्याचे थर करून पाहिले तर दैवत हा कुळाचा, नांव हा व्यक्तीचा, आणि धन्याचा निर्देश वा पद हा अधिकाराचा अंश होय. यांपैकीं पहिलाच काय तो वंशजांस वारशानें मिळतो. ज्यांस मुखपृष्ठावर कांहीं छापणेंच आहे, त्यांनीं कुलदैवताचें नांव छापावें. तेवढ्यापुरतें त्यांचें म्हणणें खरें ठरेल.

ज्यांस खरोखर वंशपरंपरागत निशाणी म्हणतां येईल, ती राजांच्या वा सरदारांच्या शिक्क्यांत नसून गांवच्या महजरांत सांपडते. पाटलाच्या नांवाशीं नांगर, देशपांडे-कुलकर्ण्यांची लेखणी, लढवय्या मराठ्याची कट्यार, न्हाव्याचा आरसा, अशा निशाण्या जुन्या महजरांवर पाहिलेल्या नाहींत असा संग्राहक विरळा. निरक्षर माणसाची ती सही, हें खरें. पण पाटलाच्या नांगराचा अर्थ तेवढाच नव्हे. घाटावर पाटिलकीची निमे विक्री अथवा भावांत वांटणी झाली कीं मानपानाची कलमवार याद होई. होळीची पोळी आधीं कोणाची, पोळ्याचा बैल आधीं कोणाचा, टिळा-विडा आधीं कोणास, आणि कागदावर नांव व नांगर आधीं कोणाचा. युरोपांत थोरल्या-धाकट्या शाखांच्या ढालींतील फरकांविषयीं जे नियम आहेत, त्यांचें काम आपल्याकडे ही एक ओळ करी.

परंतु या नांगराचा धर्म नीट पाहावा. तो वतनाबरोबर चालतो. वतन विकलें तर निमा नांगर विकत घेणाऱ्याकडे जातो, मग तो परक्या आडनांवाचा कां असेना. नवा वतनदार विकणाऱ्याच्या कुळांत शिरत नाहीं, केवळ त्याचा मान घेतो. म्हणून दोन निरनिराळ्या आडनांवांच्या पाटलांचा नांगर एकाच कागदावर एकाखालीं एक दिसला, तर ते एका वंशाचे ठरत नाहींत. तेथें खरेदीखत शोधावें. हीं वतनें आतां राहिलीं नाहींत. रत्नागिरी जिल्ह्यांतील खोती १९४९ सालच्या कायद्यानें, परगणा व कुलकर्णी वतनें १९५० सालच्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलकी १९६२ सालच्या कायद्यानें संपली. वतन गेल्यावर निशाणीस उरलें तें ऐतिहासिक मोल. कोंकणांत शिमग्याच्या पालखीचे मान अजून चालतात व त्यांवरून वाद होतात; म्हणूनच छापील पुस्तकांतील चुकीची 'कुलमुद्रा' निरुपद्रवी समजूं नये. आज हौसेनें छापलेलें चित्र उद्यां मानाच्या वादांत पुरावा म्हणून पुढें येतें.

तिसरी वस्तु देवक. मराठे व इतर अनेक जातींत लग्नाच्या आरंभीं देवकप्रतिष्ठा होते. कोणाचें देवक कळंब, कोणाचें पंचपल्लव, कोणाचें मोराचें पीस. एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाहीं. देवकाच्या झाडास कुळांतील माणसें जपतात. हा रक्तसंबंधाचा नियम आहे व तो कडक आहे. चिन्ह कुळाचें, वारशानें येणारें, विकतां न येणारें, आणि विवाहाचा निर्णय करणारें, हीं सर्व लक्षणें देवकासच लागू पडतात. परंतु देवक मांडवांत बसतें. तें ढालीवर रंगवीत नाहींत व शिक्क्यांत खोदीत नाहींत. चित्पावनांत हेंच काम गोत्र व प्रवर करितात, आणि तेथें तर आकृति म्हणून कांहींच नाहीं, केवळ ऋषींचीं नांवें.

मग ढाल, सिंह आणि तळाचें ब्रीद आलें कोठून? १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला. त्या प्रसंगीं लॉर्ड लिटनच्या सरकारानें प्रमुख संस्थानिकांस रेशमी ध्वज दिले व त्यांवर युरोपीय पद्धतीचीं चिन्हें घातलीं. बंगालच्या मुलकी नोकरींतील रॉबर्ट टेलर यांनीं तीं आंखलीं. आज ज्यांस आपण संस्थानांचीं 'प्राचीन राजचिन्हें' म्हणतों, त्यांतील पुष्कळांचा सांचा येथला आहे. हे ध्वज राज्य करणाऱ्यांस मिळाले, वंशांस नव्हे. सातारचें राज्य १८४८ सालींच खालसा झालें होतें. म्हणून शिवछत्रपतींच्या थोरल्या गादीस त्या मालिकेंत स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. वंशाच्या थोरवीनें चिन्ह मिळत असतें, तर पहिला ध्वज साताऱ्यास गेला असता.

युरोपांतील कायदाही आपल्या हौशी लेखकांस वाटतो तितका सैल नाहीं. चौदाव्या शतकांतील इटालियन कायदेपंडित बार्तोलुस यानें या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. मनुष्य जसें नांव घेतो तसें चिन्हही घेऊं शकतो, असें तो म्हणतो. परंतु पदाचें चिन्ह ज्याच्याकडे पद आहे त्यानेंच धारण करावें, इतरांनीं केल्यास तो खोटेपणाचा अपराध होय, हेंही तोच सांगतो. इंग्लंडांत १४८४ सालीं सनद मिळालेलें कॉलेज ऑफ आर्म्स हें काम पाहतें. तेथें चिन्ह आडनांवास मिळत नाहीं, विशिष्ट पुरुषास व त्याच्या औरस वंशजांस मिळतें; आडनांव एक आहे एवढ्यावरून तें कोणास लावतां येत नाहीं. स्कॉटलंडांत १६७२ च्या कायद्याप्रमाणें चिन्हांची नोंद लॉर्ड लायनच्या दप्तरीं व्हावी लागते, आणि धाकट्या शाखांस तीं फरक करूनच मिळतात. इंग्लंडांतील या विषयाचें न्यायालय जवळजवळ दोनशें वर्षें निजलें होतें. तें १९५४ सालीं पुन्हा बसलें, कारण मँचेस्टर नगरपालिकेचें चिन्ह एका नाट्यगृहाच्या कंपनीनें वापरलें होतें. ज्या पद्धतीचें अनुकरण करावयाचें, तिचे नियम तरी पाळावे. आपल्या मुखपृष्ठांवरील ढालींस ना तेथला कायदा आहे, ना येथला.

आपल्या प्रजासत्ताकांतही बार्तोलुसचाच न्याय आहे, आणि शिक्के-कट्यारीचाही तोच. २६ जानेवारी १९५० पासून सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष हें भारताचें राजचिन्ह आहे. त्याच्या गैरवापरास मनाई करणारा कायदा २००५ सालीं झाला, आणि २००७ च्या नियमांनीं माजी मंत्री, माजी न्यायाधीश व निवृत्त अधिकारी यांसही तें वापरण्याची बंदी केली. पद गेलें कीं चिन्ह गेलें. २ सप्टेंबर २०२२ रोजीं भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. ही घटना मुद्रेच्या मूळ स्वभावास धरूनच झाली, असें आम्हांस वाटतें. तो आकार कोणा घराण्याच्या दारावर गेला नाहीं. राज्याच्या कामावर असलेल्या आरमारावर गेला.

आतां संग्राहकांस दोन शब्द. शिक्का हा कागदाचा अवयव आहे. तो माथ्यावर आहे कीं शेवटीं, दोन बंदांच्या सांध्यावर मागील अंगास उमटला आहे काय, 'मोर्तब सुद' हा शेरा कोणत्या हाताचा, यांवरून पत्राचा खरेपणा ठरतो. फारशी शिक्क्यांत हिजरी सन असतो तो शिक्का खोदल्याचा, पत्र लिहिल्याचा नव्हे. पत्राची मिति शिक्क्याहून पुष्कळ अलीकडची असूं शकते, पण अगोदरची असूं शकत नाहीं. शाहूच्या नांवाचा पेशवाई शिक्का रामराजांच्या कारकीर्दींतील मितीच्या पत्रावर दिसला तर थांबून विचार करावा. ही सर्व परीक्षा शिक्का व मजकूर एकत्र असतील तरच शक्य आहे. वहींत चिकटविण्यासाठीं शिक्का कापून घेतला कीं शिक्का मुका होतो आणि मागें उरलेला कागद अनाथ होतो. पुढें तो कोणी खरा म्हणून दाखविला तर त्यास खोटें ठरविण्याचें साधनही उरत नाहीं. ज्या पत्रांतून घराण्यांचे हक्क सिद्ध झाले, तीं पत्रें घराण्याच्याच अभिमानापायीं अशीं छिन्न व्हावीं, हें फार वाईट.

कुलवृत्तांतकारांनीं करावयाचें काम याहून अवघड नाहीं. शिक्का छापावा, पण संपूर्ण पत्रासह छापावा. तो कोणाचा, कोणत्या पदाचा, कोणत्या धन्याच्या वेळचा, आणि आपल्या पूर्वजास तें पत्र मिळालें कीं त्यानें तें दिलें, हें खालीं लिहावें. पुष्कळदां असें आढळेल कीं, ज्या शिक्क्यास 'आमची कुलमुद्रा' म्हटलें, तो पत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. पूर्वज बिचारा तें पत्र पदरीं घेणारा. नांगर असल्यास वतनाचा इतिहास द्यावा. देवक, गोत्र, कुलदैवत हीं त्यांच्या जागीं द्यावींत. एवढें केल्यावर मुखपृष्ठ कोरें राहिलें तरी चालेल. ज्या पूर्वजांनीं आपलें नांव आपल्या कर्तृत्वानें शिक्क्यांत घातलें, त्यांच्या वंशजांस उसनी ढाल लागूं नये.